खग्रास सूर्यग्रहण आणि भोवतालची सृष्टी

दिनांक २२ जुलै २००९ रोजी, आषाढ अमावास्येच्या प्रातःकाळी, आम्हा इंदूरकरांना घरबसल्या खग्रास सूर्यग्रहणाचा योग लाभला. त्या दिवशी सूर्य उगवला तोच ग्रासलेला आणि सहा वाजून वीस मिनिटांच्या सुमारास तो सुमारे तीन मिनिटे पूर्णपणे झाकला गेला. पावसाळी ढगांमुळे बिंब धड दिसले नाही. परंतु ढग सूर्य झाकतात, ग्रहणाचा अंधार नव्हे. उजाडलेला दिवस पाहता पाहता पुन्हा रात्रीत शिरला. आज आमच्या वर्गात बसणाऱ्या बहुतेक मुलांचा जन्म त्यानंतरचा. ‘तेव्हा नेमके काय झाले?’ हा त्यांचा प्रश्न असतो. त्याचे उत्तर घरच्या वडीलधाऱ्यांपाशीही असावे, म्हणून हा लेखनप्रपंच.

चंद्र सूर्य आणि पृथ्वी यांच्यामध्ये आला की त्याची सावली पृथ्वीवर पडते, हेच सूर्यग्रहण. म्हणूनच ते नेहमी अमावास्येस, म्हणजे हिजरी महिना सरत असतानाच घडते. मग दर अमावास्येस ग्रहण का नाही? चंद्राची कक्षा सुमारे पाच अंशांनी कललेली असल्याने बहुतेक वेळा ती सावली पृथ्वीच्या वरून वा खालून निघून जाते. आर्यभटाने हे छायेचे कारण इसवी सन ४९९ मध्येच मांडले, आणि आमच्या शेजारच्या उज्जयिनीच्या वराहमिहिरानेही ते सांगितले.

आता सृष्टीकडे वळू. ऊन नाहीसे होताच हवा गार होते. भर दुपारच्या ग्रहणात तापमान काही अंशांनी उतरते. २००९ चे ग्रहण सूर्योदयालगतचे, जमीन तापण्यापूर्वीचे असल्याने हा फरक तितका जाणवणारा नव्हता. पाखरे घरट्यांकडे वळतात, रातकिडे किरकिरू लागतात. १९९१ साली मेक्सिकोत असे आढळले की, खग्रास काळात कोळी आपली जाळी उतरवू लागले. मात्र ज्यांच्यावर दिव्याचा प्रकाश ठेवला होता त्यांच्यापैकी बहुतेकांनी जाळी तशीच राखली. यावरून असे दिसते की, निदान या कोळ्यांच्या वागण्यामागे प्रकाश कमी होण्याची खूण होती. २०१७ साली अमेरिकेत शाळकरी मुलांच्या साहाय्याने फुलांजवळ बारीक ध्वनिग्राहक टांगले गेले. सूर्य थोडा उरला होता तोवर मधमाश्या गुणगुणत होत्या. पूर्ण अंधार होताच त्या जवळजवळ एकदम थांबल्या.

प्राणी अंधाराला रात्र समजतात, मनुष्य मात्र त्याला अरिष्ट समजतो. आजही कित्येक घरांत दारे-खिडक्या बंद होतात, शिजलेले अन्न टाकले जाते आणि गर्भवती सुनेला उपाशी बसवले जाते. ग्रहणाने अन्न नासत नाही. गर्भवतीला उपवासाचा त्रास मात्र खरा असतो. पैगंबरसाहेबांचे चिरंजीव इब्राहीम वारले त्या दिवशी सूर्यग्रहण झाले. लोक दोहोंचा संबंध जोडू लागले, तेव्हा कोणाच्या जन्ममरणासाठी सूर्यचंद्रांना ग्रहण लागत नाही, असे त्यांनी स्पष्ट सांगितले. पित्याच्या शोकातही राखलेला हा विवेक कोणत्याही धर्माच्या घराला उपयोगी पडण्याजोगा आहे.

खरा धोका डोळ्यांना आहे. नेत्रपटलाला वेदना कळत नाही. त्यामुळे ते भाजले तरी पाहणाऱ्याला तत्काळ समजत नाही. काजळी धरलेली काच, क्ष-किरणांची जुनी फिल्म किंवा काळा चष्मा यांपैकी काहीही चालणार नाही. प्रमाणित ग्रहण-चष्मा वापरावा, अथवा पुठ्ठ्याला टाचणीने छिद्र पाडून सूर्याकडे पाठ करून उभे राहावे आणि कागदावर प्रतिमा पाडावी. झाडाखाली पानांच्या फटींतून पडणारे कवडसेही त्या वेळी चंद्रकोरीसारखे दिसतात.

२ ऑगस्ट २०२७ रोजी मक्केत सुमारे पाच मिनिटांचे खग्रास ग्रहण होईल, आणि त्याच दिवशी दुपारनंतर इंदुरात खंडग्रास ग्रहण असेल. दिवस पावसाळ्याचे, तेव्हा ढगांची हमी कोणी देऊ नये. तथापि, आकाश मोकळे असल्यास मुलांना घरात कोंडू नये. पुठ्ठा हाती देऊन त्यांना अंगणात न्यावे, एवढीच आमची विनंती.