ऑस्कर्सबोर्ग : हरलेल्या किल्ल्याची कमाई

ओस्लोहून —

नॉर्वेच्या राजधानीकडे समुद्रमार्गे येणाऱ्या प्रत्येक जहाजाला ज्या चिंचोळ्या खाडीतून वाट काढावी लागते, तिच्या ऐन गळ्यात, ड्रोबाक गावासमोरच्या बेटांवर, एकोणिसाव्या शतकाच्या मध्यास ऑस्कर्सबोर्ग हा जलदुर्ग उभा राहिला. आज तेथे लष्करी इतिहासाचे संग्रहालय आहे. परंतु ज्या एका पहाटेसाठी लोक तेथे जातात, तिचे मर्म जाणल्याखेरीज या देशाचा स्वभाव पुरता उमगत नाही.

तटावरील तीन अवजड तोफा जर्मनीच्या क्रुप कारखान्यातून आणून १८९३ साली बसविल्या. त्यांतली एक उतरविताना पाण्यात पडली व बाहेर काढावी लागली, म्हणून बायबलमधल्या, पाण्यातून काढलेल्या बालकावरून तिचे नाव ‘मोझेस’ पडले. १९४० पर्यंत हा सारा तोफखाना कालबाह्य ठरला होता आणि शिबंदीत बहुतेक नवशिके रंगरूट होते. ९ एप्रिलच्या काळोख्या पहाटे अनोळखी जहाजांचा काफिला राजधानीकडे सरकू लागला, तेव्हा वरिष्ठांचा स्पष्ट हुकूम नसताना आणि इशाऱ्याचा बार न काढता, सेवानिवृत्तीच्या उंबरठ्यावर असलेले किल्लेदार कर्नल बिर्गर एरिक्सन यांनी थेट तोफा डागण्याची आज्ञा दिली. जर्मन बनावटीच्या तोफांनीच ‘ब्ल्यूखर’ ही नवी कोरी जर्मन युद्धनौका पेटविली. खडकातील गुप्त भुयारातून सुटलेल्या जुनाट टॉर्पेडोंनी तिचा तळ फोडला, आणि दोनेक तासांत ती बुडाली.

तरीही राजधानी वाचली नाही. शत्रूची फौज त्याच दिवशी विमानांनी उतरली, आणि दुसऱ्या दिवशी किल्लाही शरण गेला. मात्र नौका बुडाल्याने शत्रूला झालेल्या विलंबात राजे सातवे हाकोन, मंत्रिमंडळ व संसद आगगाडीने हामारला निसटली, मध्यवर्ती बँकेतील सुमारे ५० टन सोने शहराबाहेर निघाले, आणि ९ एप्रिलच्याच रात्री एल्व्हेरूम येथे संसदेने सरकारला राज्यकारभार चालविण्याचे अधिकार दिले. पुढे लंडनमधून पाच वर्षे चाललेल्या सरकारची कायदेशीर बैठक हीच. तिच्याच बळावर सुमारे हजार नॉर्वेजियन व्यापारी जहाजे दोस्त राष्ट्रांची रसद वाहत राहिली. किल्ल्याने शहर गमावले, पण राज्याची सनदशीर परंपरा खंडित होऊ दिली नाही.

त्या परंपरेने किल्लेदारालाही सवलत दिली नाही. एरिक्सन यांना देशाचे सर्वोच्च शौर्यपदक मिळाले, आणि शरणागतीबद्दल युद्धोत्तर चौकशीला तोंडही द्यावे लागले. वीराचा सत्कार आणि त्याचा जाबजबाब यांत नॉर्वेजियनांना विसंगती दिसत नाही. राज्य वाचवायचे ते याच रीतीसाठी, असे त्यांना वाटते.