नेपोलियन, मु. पो. टिळकनगर

ब्रँडीच्या बाटलीवर 'कोन्याक' लिहायचं तर द्राक्षं फ्रान्सच्या शारांत परिसरातलीच हवीत. १९०९ मध्ये सरकारने हद्दच आखून दिली. वाइनचं तांब्याच्या भट्टीत दोनदा ऊर्ध्वपातन, मग ओकच्या पिंपात किमान दोन वर्षं मुरवण. नुसत्या 'ब्रँडी'ला असली वेस नाही. म्हणून तर श्रीरामपूर तालुक्यातल्या टिळकनगरच्या, म्हणजे अस्सल उसाच्या मुलखातल्या, कंपनीची एक ब्रँडी 'कुरिअर नेपोलियन', दुसरी 'मॅन्शन हाउस'! खप मुख्यतः दक्षिणेत. या कंपनीची सुरुवात १९३३ ची, तीही साखरेपासून. भारतातल्या स्वस्त ब्रँडीत बहुधा मळीचाच मद्यार्क असतो. द्राक्षाचा वाटा जेमतेम. गोव्याच्या काजू फेणीने मात्र २००९ मध्ये स्वतःच्याच नावावर भौगोलिक मानांकन मिळवलं.