सिलिंडरची गाडी आणि मिस्त्रीचा सावधपणा

वर्धा नदीकाठच्या बल्लारपुरात लोखंड कापणं आणि जोडणं हे रोजचं काम आहे. १९४५ साली ‘बल्लारपूर पेपर अँड स्ट्रॉ बोर्ड मिल्स’ ही कंपनी स्थापन झाली आणि गोंड राजांच्या या जुन्या राजधानीला कागदाच्या गावाची ओळख मिळाली. भोवती कोळशाच्या खाणी, बल्लारशाह जंक्शन, सागवानाचा डेपो. इतकी यंत्रं जिथे राबतात, तिथे दुरुस्तीही अखंड चालते. त्या दुरुस्तीला ऑक्सिजन आणि डीए, म्हणजे विरघळवलेला ॲसिटिलीन, यांची जोडी लागते. ती जोडी वाहणारी ट्रॉली बहुधा उरल्यासुरल्या अँगल-पाइपातून उभी केलेली असते. ट्रॉली कलंडली की ‘जरा जपून न्यायची ना’ असं मिस्त्रीला ऐकावं लागतं. खरं तर हा जपणुकीचा भार गाडीनेच उचलायला हवा. तिचे दोष मोजता येतात, म्हणून ते दुरुस्तही करता येतात.

ओझं कसलं?

मोठ्या ऑक्सिजन सिलिंडरचा व्यास सुमारे २३ सें.मी. आणि उंची दीड मीटरच्या आसपास. आत सुमारे १५० बार दाबाने ७ घनमीटर वायू भरलेला. असा एकटा उभा सिलिंडर ९-१० अंश कलला, की तोल जाऊन पडतो. पडताना व्हॉल्व्ह तुटला, तर आतल्या दाबाच्या जोरावर तो भिंतही फोडू शकतो.

डीएची तऱ्हा वेगळी. मोकळा ॲसिटिलीन थोड्याशा दाबानेही स्फोटक होतो. म्हणून सिलिंडरमध्ये सच्छिद्र पदार्थ भरून त्यात ॲसिटोन मुरवतात आणि वायू त्यात विरघळवतात. या तंत्रात मोठी भर घालणारे स्वीडनचे गुस्ताफ दालेन यांना १९१२ साली भौतिकशास्त्राचं नोबेल मिळालं. त्याच वर्षी ॲसिटिलीनच्याच स्फोटात त्यांची दृष्टी गेली. डीए आडवा ठेवून वापरला, तर ॲसिटोन रेग्युलेटरमध्ये येतो. म्हणून हा सिलिंडर उभाच हवा.

चाक, रुंदी, तोल

पहिला दोष लहान चाकांचा. १५ सें.मी. व्यासाचं चाक अडीच सें.मी. उंचीच्या दगडावर चढवायला त्या चाकावरच्या वजनापेक्षाही जास्त जोराने ओढावं लागतं. ४० सें.मी.च्या चाकाला त्याच दगडावर वजनाच्या साधारण निम्मा जोर पुरतो. लहान चाक अडलं, की माणूस हिसका देतो आणि हिसक्याने गाडी उलटते. खडी, रुळांची फट, कच्चा रस्ता इथे रोजचेच आहेत.

पण मोठी चाकं लावताना एक नवा दोष सहज शिरतो. सरळ आस बुडाच्या पत्र्याखालून नेली, तर सगळा भार १२-१३ सें.मी. वर चढतो. ते टाळण्यासाठी आसाचे आखूड तुकडे चौकटीच्या दोन बाजूंना जोडावेत, म्हणजे पत्रा जमिनीलगत राहतो. गुरुत्वमध्य ८० सें.मी.वर धरला, तर चाकांमधलं अंतर ४० सें.मी. असताना गाडी १४ अंशांत कलंडते. ते ७० सें.मी. केलं, की हा कोन २३ अंशांच्या पुढे जातो.

दुसरा दोष आसाच्या जागेचा. दोन भरलेले सिलिंडर आणि चौकट मिळून १६० किलो धरू. गाडी रेलल्यावर गुरुत्वमध्य आसापासून आडवा १० सें.मी. दूर राहिला आणि मूठ आसापासून आडवी १ मीटरवर असली, तर हातांवर १६ किलो भार येतो. २० सें.मी. दूर गेला, तर ३२ किलो. पुढे दोन फिरती चाकं आणि ब्रेक लावले, की गाडी रेलवायचीच गरज उरत नाही आणि डीएही उभा राहतो.

साखळी आणि ऊन

कमरेशी बांधलेली एकच साखळी सिलिंडरचा वरचा भाग मोकळा सोडते. दुसरी साखळी खांद्याच्या थोडी खाली हवी. होज गुंडाळण्यासाठी चौकटीलाच गोलसर आकडे लावावेत, म्हणजे नळ्या रेग्युलेटरवर लटकणार नाहीत. दोन सिलिंडरांमध्ये जाड पत्र्याची आडभिंत हवी. बुडाच्या पत्र्याला भोकं पाडली, तर पावसाचं पाणी साचून सिलिंडरचा तळ गंजणार नाही. डीएची चावी साखळीने गाडीलाच बांधावी, कारण आग लागल्यावर ती शोधायला वेळ नसतो. चंद्रपूरच्या उन्हाळ्यात डोक्यावर छोटं छतही लागतं. १५ अंशांवर १५० बारने भरलेला ऑक्सिजन ६५ अंशांवर सुमारे १७५ बारपर्यंत जातो.

नियम आणि कारखाना

सिलिंडरविषयीचे नियम राबवणाऱ्या पेसो या केंद्रीय संस्थेचं मुख्यालय नागपुरातच आहे. २०१६च्या गॅस सिलिंडर नियमांत सिलिंडर हलवताना शक्यतो पुरेशा मजबूत ट्रॉली वापराव्यात, असं म्हटलं आहे. घसरवणं आणि आपटणं यांना मनाई आहे. मात्र ‘पुरेशा मजबूत’ म्हणजे चाक किती, रुंदी किती, साखळी कुठे, हे प्रत्येक दुकानाने आपल्या रस्त्याकडे पाहून ठरवायचं असतं.

या दुरुस्त्यांना परदेशी यंत्र लागत नाही. अँगल, पाइप, पत्रा, दोन मोठी चाकं आणि कुशल वेल्डर एवढं पुरतं, आणि बल्लारपुरात हे सगळं आहे. आयटीआयच्या वेल्डर ट्रेडमध्ये ही गाडी सरावाचं काम म्हणून द्यावी. मुलांनी आधी गुरुत्वमध्य मोजावा, कलण्याचा कोन काढावा आणि मगच टाका मारावा. जोडाची ताकद तपासायला शिकणारा कारागीर स्वतःच्या जिवाचं ओझं वाहणाऱ्या गाडीची ताकदही तपासू लागला, तर ‘जपून ने’ म्हणण्याआधी मालकाला गाडी दुरुस्त करावी लागेल.