कुंडीभंडाऱ्यातील रिकामा चौकोन

बऱ्हाणपुरास आगगाडीने येणारा पाहुणा उतरतो तो लालबागेत. स्टेशन लालबागेचे, गाव त्यापुढे. पाहुण्यास राजवाडा व मशिदी पाहण्याची घाई असते; त्यामुळे लालबागेजवळच शेतांतून ओळीने उभी असलेली विहिरींची गोल तोंडे त्याच्या नजरेतून निसटतात. हा कुंडीभंडारा. कोणी यास खुनी भंडाराही म्हणतात. जहांगिराच्या कारकिर्दीत, १६१५ साली, अब्दुल रहीम खानखानान याने तबकुतुल अर्ज नावाच्या फारसी भूगर्भज्ञाच्या सल्ल्याने ही योजना उभारली. सातपुड्यावर पडलेला पाऊस जमिनीत मुरून तापीकडे निघतो. त्याला वाटेतच भुयारात अडवायचे आणि नुसत्या उताराच्या बळावर शहराकडे आणायचे, अशी ही युक्ती. शंभरावर कुंड्या भुयाराने एकमेकींना जोडलेल्या आहेत. मोट नाही, पंप नाही, आणि पाणी आजही वाहते.

काही वर्षांपूर्वी अकरावीच्या जीवशास्त्राच्या विद्यार्थ्यांची सहल आम्ही येथे नेली होती. आमचा विषय मराठी. जीवशास्त्राचे अध्यापक सोबत होते, म्हणूनच हे धाडस केले. लिफ्टने थोडेथोडे विद्यार्थी सुमारे ८० फूट खाली उतरले, गुडघाभर पाण्यात उभे राहिले, ओरडून प्रतिध्वनी ऐकून घेतले. वर आल्यावर अध्यापकांनी वहीत परिसंस्थेची आकृती काढावयास सांगितली. पुस्तकात तळ्याची आकृती असते, तशी भंडाऱ्याची. उत्पादकांचा चौकोन, भक्षकांचा चौकोन, विघटकांचा चौकोन, मध्ये बाण. एका मराठी घरातल्या मुलीने दोन चौकोन भरले आणि पहिला रिकामा ठेवला. आम्ही कारण विचारले. ती म्हणाली, "सर, खाली ऊनच नाही. मग उत्पादक कोण लिहू?"

येथे शब्दांविषयी थोडे. आपल्या मुलांना शाळेत 'पारिस्थितिक तंत्र', 'उपभोक्ता', 'अपघटक', 'खाद्य शृंखला' शिकवितात. घरी महाराष्ट्रातून आणलेल्या पुस्तकात त्याच वस्तू 'परिसंस्था', 'भक्षक', 'विघटक', 'अन्नसाखळी' होऊन भेटतात. मुले गोंधळतात आणि आईबापही. वस्तुतः कल्पना एकच आहे. आर्थर टॅन्स्ले या इंग्रज वनस्पतिशास्त्रज्ञाने ती १९३५ साली मांडली. सजीव आणि त्यांच्याभोवतीचे निर्जीव, म्हणजे माती, पाणी, हवा व उष्णता, यांचा वेगवेगळा विचार करू नये. दोहों मिळून एक संस्था मानावी, एवढे त्याचे म्हणणे. आम्हांस 'परिसंस्था' हा शब्द अधिक रुचतो. तंत्र म्हटले की यंत्र आठवते. संस्था म्हटले की तीत माणसे, हेवेदावे, देणीघेणी आणि हिशेब आले.

हिशेब दोन प्रकारचे असतात, आणि परीक्षेत मुले चुकतात ती येथेच. पहिला हिशेब ऊर्जेचा. ज्वारीचे ताट उन्हातून ऊर्जा घेते, नाकतोडा ताट खातो, सरडा नाकतोड्याला, शिक्रा सरड्याला. प्रत्येक पायरीवर बहुतेक ऊर्जा श्वसनात व हालचालीत खर्च होऊन उष्णतेच्या रूपाने निघून जाते; जेमतेम दहावा हिस्सा पुढे पोचतो. रेमंड लिंडमन या तरुण अमेरिकन शास्त्रज्ञाने तळ्याचा अभ्यास करून १९४२ साली हा विचार मांडला. 'दहा टक्के' हा आकडा अर्थात ढोबळ आहे, कोठे पाच भरतो, कोठे वीस. ताटातल्या हजार भागांपैकी शिक्र्यापर्यंत एखादाच भाग जातो. म्हणून शिवारात नाकतोडे अगणित आणि शिक्रे विरळा. गेलेली ऊर्जा परत येत नाही. रोज नवे ऊन लागते.

दुसरा हिशेब द्रव्यांचा. तो मात्र फिरता असतो. पान गळते, कुजते, बुरशी आणि जिवाणू त्यातील द्रव्ये मातीला परत देतात, मुळे ती पुन्हा उचलतात. आमच्या जिल्ह्याचे पीक केळी. केळीला पालाश फार लागते. घड ट्रकमध्ये भरून दूरच्या बाजारात गेला की त्याबरोबर येथल्या मातीतले पालाश गेले. ते पोत्यातून विकत आणून घालावे लागते. खांब आणि पाने शेतातच कुजविणारा शेतकरी निदान अर्धे वर्तुळ तरी शाबूत ठेवतो.

आता त्या मुलीच्या रिकाम्या चौकोनाकडे येऊ. अंधारात हिरवी वनस्पती वाढत नाही. कुंडीच्या तोंडाशी, जेथवर उजेड पोचतो तेथवर, ओल्या दगडावर शेवाळ, नेचे दिसतील. खाली काही नाही. अशा भुयारातील जीव उपऱ्या अन्नावर जगतात: पाण्याबरोबर झिरपलेले पाल्याचे कण, मुळांचे तुटके तंतू, वटवाघळांची विष्ठा. अध्यापकांनी एक अपवादही सांगितला. रुमानियात १९८६ साली मोविल नावाची बंदिस्त गुहा सापडली. तेथे गंधकयुक्त वायूवर जगणारे जिवाणूच उत्पादकाचे काम करतात, उन्हाची गरज नाही. आपल्या भंडाऱ्यास तो अपवाद लावण्याचे कारण नाही. येथल्या उत्पादकांचा पत्ता लागतो, मात्र तो भुयाराबाहेर आहे: वर सातपुड्यात, सागाच्या आणि सालईच्या रानात.

हे केवळ अन्नापुरतेही नाही. कुंड्यांच्या भिंतींवर पांढरा थर चढलेला दिसतो. मुलांनी तो नखाने खरवडून पाहिला. तो चुन्याचा थर. पावसाचे पाणी तसे सौम्य. पण रानातल्या मातीत मुळे श्वास सोडतात, पाला कुजविणारे जिवाणू श्वास सोडतात, आणि त्या कार्बन डायऑक्साइडने पाणी किंचित आंबट होते. आंबट झालेले पाणी दगडातला चुन्याचा अंश विरघळवीत खाली उतरते. भुयाराच्या मोकळ्या हवेत आले की वायू उडून जातो आणि चुना भिंतीवर बसतो. म्हणजे त्या पांढऱ्या थरात डोंगरावरच्या मुळांचा श्वास गोठलेला आहे. हाच थर जाड झाला की झिरपण्याची छिद्रे बुजतात आणि पाणी घटते. म्हणून तो काढीत राहणे हे भंडाऱ्याच्या निगराणीचे जुनेच काम आहे.

छिद्रे मोकळी केली तरी मागून पाणी यावयास हवे. डोंगरउतारावर पाला आणि मुळे असतील तर पाऊस थबकतो, मुरतो. उघड्या उतारावरून तो मातीसह थेट नाल्यात धावतो. झाडे पाणी राखतात तशी पितातही, हे खरे. तरी उघड्या टेकडीवर मुरण्याचा अवसरच मिळत नाही. खालच्या अंगाला केळीसाठी कूपनलिका त्याच भूजलात हात घालतात. २०२४ साली भंडारा युनेस्कोच्या संभाव्य वारसास्थळांच्या यादीत गेला, याचा आम्हांस आनंद आहे. परंतु दगडविटांभोवती कुंपण घालता येते, पाणलोटाभोवती कसे घालणार? खानखानानाच्या माणसांनी भुयार खोदण्यापूर्वी डोंगर पाहिला होता. आपण भुयार पाहून परततो.

परतीच्या वाटेवर त्या मुलीने वहीच्या पानाच्या वर दुसरे पान डकविले. वरच्या पानावर डोंगर, झाडे आणि ऊन. तेथे उत्पादकांचा चौकोन. त्यातून एक लांब बाण खालच्या पानावरच्या भुयारात. शेजारी तिने केळीचा मळा व कूपनलिकाही काढली, आणि तिच्यातून एक बाण उलटा, वर जाणारा. अध्यापकांनी ती आकृती वर्गात फिरविली.

मग तिने आम्हांस विचारले, "सर, परीक्षेत हीच काढली तर चालेल?" आम्ही क्षणभर घुटमळलो. तपासणारे कोठले असतील, त्यांनी भंडारा पाहिलेला असेल की नाही, कोण जाणे. "परीक्षेत तळेच काढ," आम्ही म्हणालो, "ही मात्र जपून ठेव."