अन्नाची ॲलर्जी : निदान

एखाद्या अन्नपदार्थातील प्रथिनाविरुद्ध शरीराच्या प्रतिरक्षा यंत्रणेने दाखविलेल्या अवाजवी प्रतिक्रियेस अन्नाची ॲलर्जी किंवा वावडे म्हणतात. ती बहुधा इम्युनोग्लोब्युलिन-ई या प्रतिपिंडामुळे घडते. पदार्थ खाल्ल्यावर काही मिनिटांपासून सुमारे दोन तासांत अंगावर गांधी उठणे, ओठ सुजणे, उलटी व धाप ही लक्षणे दिसतात. क्वचित रक्तदाब एकाएकी उतरून जिवास धोका उद्‌भवतो. दुधातील शर्करा न पचणे किंवा नीट न साठविलेल्या बांगड्यात तयार झालेल्या हिस्टामिनाची बाधा होणे, हे प्रकार वरवर तसेच भासले तरी ॲलर्जी नव्हेत.

निदानाचा पाया रुग्णाची हकीकत हाच होय. कोणता पदार्थ, किती खाल्ला, किती वेळाने त्रास झाला व दर वेळी तसाच होतो काय, हे प्रथम विचारतात.

कार्ल प्राउस्निट्स यांनी १९२१ मध्ये, मासे न सोसणारे आपले सहकारी हाइन्झ क्यूस्टनर यांचा रक्तरस स्वतःच्या त्वचेत टोचून घेतला. दुसऱ्या दिवशी त्याच जागी माशाचा अर्क टोचताच गांध उठली. रक्तरसातील हा घटक म्हणजे वरील प्रतिपिंड, हे १९६६–६७ च्या सुमारास स्पष्ट झाले.

त्वचा परीक्षेत हातावर अर्काचा थेंब ठेवून त्यातून त्वचा हलकेच टोचतात. सुमारे १५ मिनिटांनी उठलेली गांध लवणजलाच्या टोचणीपेक्षा निदान ३ मिमी. मोठी असल्यास परीक्षा होकारार्थी मानतात. हिस्टामीनरोधी औषधे काही दिवस आधी बंद ठेवावी लागतात. रक्तपरीक्षेत विशिष्ट प्रतिपिंडाचे प्रमाण मोजतात.

या दोन्ही परीक्षांतून संवेदनशीलता कळते, रोग सिद्ध होत नाही. कोळंबीतील ट्रोपोमायोसीन या प्रथिनाशी मिळतीजुळती प्रथिने घरातील धुळीतल्या माइटांत व झुरळांतही असतात. त्यामुळे नवी मुंबईसारख्या खाडीकाठच्या दमट शहरात, कोळंबी सुखेनैव खाणाऱ्याचीही परीक्षा होकारार्थी येऊ शकते. कर्नाटकातील प्रौढांच्या एका पाहणीत (२०१६) सुमारे एक चतुर्थांश लोकांत अन्नाविरुद्ध प्रतिपिंडे आढळली. संभाव्य ॲलर्जी मात्र सुमारे १ टक्का लोकांतच होती. इम्युनोग्लोब्युलिन-जी मोजणाऱ्या परीक्षा निदानास निरुपयोगी आहेत.

शंका उरल्यास रुग्णालयात, ॲड्रेनॅलीन हाताशी ठेवून, संशयित पदार्थ चढत्या प्रमाणात खाऊ घालतात. पदार्थ कोणता हे रुग्ण व डॉक्टर या दोघांपासून गुप्त ठेवल्यास ही परीक्षा सर्वांत विश्वसनीय ठरते. घरी ती करू नये.

केवळ अहवालावरून दूध, अंडी व डाळी बंद केल्यास मुलाची वाढ खुंटू शकते. उलट खरी ॲलर्जी ओळखली न गेल्यास पुढचा घास प्राणघातक ठरू शकतो. म्हणून हकीकत व परीक्षा यांचा मेळ बसल्यावरच पथ्य ठरवितात.