तुकाराम, जयंती आणि रामदास

'टायटॅनिक' १९१२ साली कोणत्या हिमनगावर आदळली, ती किती तासांत बुडाली आणि तिच्यावर जीवरक्षक होड्या किती कमी होत्या, हे मुंबईच्या शाळांतील मुलांनाही तोंडपाठ असते. परंतु ११ नोव्हेंबर १९२७ या एकाच दिवशी 'तुकाराम' आणि 'जयंती' या कोकण किनाऱ्यावरच्या दोन प्रवासी आगबोटी समुद्राने गिळल्या, हे बोरीवली ते मुलुंडपर्यंत पसरलेल्या कोकणी वस्तीतही फार थोड्यांना ठाऊक असेल. ज्यांचे आजे-पणजे याच मार्गाने गिरणीत किंवा कचेरीत नोकरी शोधायला मुंबईस आले, त्यांच्याही कुटुंबांतून ही आठवण पुसली गेली आहे. विस्मरण हा माणसाचा धर्मच आहे, असे म्हणून हा प्रश्न सोडून देता आला असता. तथापि जे विसरले जाते त्याची पुनरावृत्ती होते, हा समुद्राचा नियम आहे आणि तो त्याने वीस वर्षांच्या आत सिद्धही केला.

या दोन्ही बोटी ज्या कंपनीच्या होत्या तिचे अधिकृत नाव इंडियन को-ऑपरेटिव्ह स्टीम नॅव्हिगेशन कंपनी असे लांबलचक होते. किनाऱ्यावरचे लोक मात्र तिला 'माझी आगबोट कंपनी' म्हणत. या 'माझी' शब्दातच तिचा इतिहास आहे. स्वदेशीच्या चळवळीने भारलेल्या काळात परक्यांच्या बोटींना पर्याय म्हणून, आपल्या माणसांच्या भांडवलावर ती उभी राहिली. तिने आपल्या बोटींना संतांची नावे दिली. तुकाराम आणि रामदास यांच्या जोडीला सेंट अँथनी व सेंट झेवियर हेही होते, कारण मालवण-वेंगुर्ल्याच्या प्रवाशांत हिंदू होते तसे ख्रिस्तीही होते. पायाखाली अथांग पाणी असताना ओठांवर संताचे नाव असावे, ही भाविक प्रवाशाची गरज कंपनीने ओळखली होती.

त्या काळी परकीय आगबोटीशी स्पर्धा करणे म्हणजे काय असते, याचा धडा दक्षिणेत चिदंबरम पिळ्ळे यांना मिळालेला होता. तुतिकोरीन येथे १९०६ साली त्यांनी स्वदेशी कंपनी काढली, तेव्हा ब्रिटिश इंडिया कंपनीने भाडे उतरवत उतरवत अखेर प्रवास फुकट केला आणि वर छत्र्या वाटल्याचे सांगतात. पिळ्ळे तुरुंगात गेले आणि १९११ साली त्यांची कंपनी मोडीत निघाली. आगबोटीच्या धंद्यात भाड्याची चढाओढ लागली की त्याची भरपाई दोनच ठिकाणांहून होते. एक तर प्रवासी अधिक घ्यायचे, नाही तर बोटीवरील खर्च आखडता घ्यायचा. दोन्ही वाटा अखेर प्रवाशाच्या जिवावरूनच जातात. मालक स्वदेशी आहे की परदेशी, याने त्यात फरक पडत नाही.

पडावातून बोटीवर

आज चार-पाच पदरी महामार्ग आणि १९९८ साली पूर्ण झालेली कोकण रेल्वे पाहणाऱ्यांना त्या प्रवासाची कल्पना येणे कठीण आहे. सह्याद्रीच्या कड्याने आणि खाड्यांच्या जाळ्याने कोकण मुंबईपासून तोडलेले होते. खुश्कीचा मार्ग म्हणजे घाट चढून पुन्हा उतरण्याचा द्राविडी प्राणायाम. तेव्हा हर्णे, दाभोळ, जयगड, रत्नागिरी, विजयदुर्ग, देवगड, मालवण, वेंगुर्ले या बंदरांची रांग हाच कोकणचा राजरस्ता होता. बहुतेक बंदरांत बोट धक्क्याला लागत नसे. ती खोल पाण्यात नांगर टाकून उभी राही आणि माणसे, पेट्या, आंब्याच्या करंड्या, म्हातारी-कोतारी हे सारे पडावातून तिच्यापर्यंत नेले जाई. हेलकावणाऱ्या पडावातून बोटीच्या शिडीवर पाऊल टाकण्याचा क्षण अनेकांच्या आयुष्यभर लक्षात राहिला. वर गेल्यावर बहुतेकांची जागा उघड्या डेकवर, आपल्याच वळकटीवर असे. केबिनचे भाडे परवडणारे थोडे आणि डेकवरचे पुष्कळ, हीच या वाहतुकीची मांडणी होती.

पावसाळ्यात ही वाहतूक बंद पडे. नारळी पौर्णिमेला दर्याला नारळ अर्पण झाला की समुद्र मोकळा झाला, असे किनारा मानतो. ही समजूत नैर्ऋत्य मोसमी वाऱ्यांच्या बाबतीत खरी आहे. पण अरबी समुद्रात वादळांचे हंगाम दोन असतात. एक पावसाळ्याच्या तोंडावर मे-जूनमध्ये आणि दुसरा पाऊस परतल्यानंतर, ऑक्टोबरपासून डिसेंबरपर्यंत. हा दुसरा हंगाम फसवा असतो. आकाश निरभ्र असते, समुद्र शांत भासतो, दिवाळी आटोपून परतणाऱ्यांची बोटींना गर्दी असते आणि त्याच वेळी दूर समुद्रात कमी दाबाचा पट्टा आकार घेत असतो. गुजरात किनाऱ्यावर विजेच्या दिव्यांमुळे 'वीजळी' म्हणून ओळखली गेलेली 'वैतरणा' ही बोट ८ नोव्हेंबर १८८८ रोजी मुंबईकडे येताना सातशेहून अधिक माणसांसह नाहीशी झाली. 'तुकाराम' व 'जयंती' गेल्या त्या ११ नोव्हेंबरला. २२ नोव्हेंबर १९४८ रोजी मोठे चक्रीवादळ मुंबईवरून गेले. 'फयान' वादळ अलिबाग व मुंबई यांच्या दरम्यान किनाऱ्याला येऊन थडकले ते २००९ साली आणि तारीख पुन्हा ११ नोव्हेंबरच होती. पंचांगातल्या योगायोगाला महत्त्व देण्याचे कारण नाही. नोव्हेंबर महिना धोक्याचा आहे हे मात्र योगायोगाने ठरलेले नाही.

वादळाची वार्ता त्या काळी कळे कशी, हेही ध्यानात घ्यायला हवे. हवामान खाते १८७५ सालीच स्थापन झाले होते आणि बंदरांत धोक्याचे बावटे चढवण्याची पद्धतही जुनीच आहे. परंतु कृत्रिम उपग्रह नसलेल्या त्या काळात भर समुद्रातील वाऱ्याचा वेग आणि हवेचा दाब केवळ जहाजांनी बिनतारी संदेशाने कळवला तरच किनाऱ्याला समजत असे. ज्या बोटीवर बिनतारी यंत्र नाही ती संकटाची सूचना देऊ शकत नाही आणि घेऊही शकत नाही. एकदा बंदर सोडले की पुढचे बंदर येईपर्यंत ती जगाला मुकी आणि बहिरी असते.

नियम कोणासाठी?

१९२७ सालचा हिवाळा जगभरच दर्यावर्दींना वाईट गेला. 'तुकाराम' व 'जयंती' बुडण्याच्या अवघे अडीच आठवडे आधी, २५ ऑक्टोबर रोजी, 'प्रिन्सिपेसा माफाल्दा' हे इटालियन प्रवासी जहाज ब्राझीलच्या किनाऱ्याजवळ तीनशेहून अधिक जणांना घेऊन बुडाले. पुढच्या वर्षी १२ नोव्हेंबर १९२८ रोजी 'व्हेस्ट्रिस' हे जहाज अमेरिकेच्या पूर्व किनाऱ्यापासून दूर गेले ते शंभराहून अधिक बळी घेऊन. त्याच्यावर मदतीची हाक द्यायला उशीर झाला, होड्या नीट उतरल्या नाहीत आणि जहाजावरचे एकही मूल वाचले नाही. या घटनेने अमेरिका व इंग्लंड हादरले. १९२९ साली लंडनमध्ये अठरा राष्ट्रे एकत्र आली आणि समुद्रावरील जीविताच्या सुरक्षिततेचा नवा करार झाला. जीवरक्षक होड्या, आगप्रतिबंध, बिनतारी यंत्रणा यांचे नियम अधिक कडक झाले. १९३३ सालापासून ते अमलात आले.

हा करार मोलाचा होता. पण तो देशादेशांतील प्रवासाला लागू होता. एकाच देशाच्या किनाऱ्याने, एका बंदरातून दुसऱ्या बंदरात चाकरमान्यांना नेणारी लहान आगबोट त्याच्या कक्षेबाहेर राहिली. एवढेच नव्हे, तर हिंदी महासागरातून यात्रेकरू व मजूर यांना डेकवरून नेणाऱ्या जहाजांना कराराची सर्व कलमे जशीच्या तशी लावणे व्यवहार्य नाही, असे मानून १९३१ साली सिमला येथे त्यांच्यासाठी वेगळे, सवलतीचे नियम ठरवण्यात आले. 'सिमला रूल्स' याच नावाने ते ओळखले जातात. त्यामागील तर्क सरळ होता. डेकवरच्या प्रत्येक माणसाला होडीत जागा द्यायची म्हटले तर माणसे कमी न्यावी लागतील आणि भाडे वाढेल. हा हिशेब आकड्यांत चूक नव्हता. मात्र त्यात पहिल्या वर्गाच्या प्रवाशाचा जीव आणि डेकवरच्या प्रवाशाचा जीव यांची किंमत वेगवेगळी धरली होती, ही गोष्ट स्वच्छपणे सांगितली पाहिजे. 'वैतरणा'च्या चौकशीत पुरेशा होड्या व जीवरक्षक साधने नसल्याचे १८८८ नंतर लगेचच उघड झाले होते. चाळीस वर्षांनंतरही नियम ठरवताना गर्दी ही अपरिहार्य मानून सुरक्षितता तिच्या मापाने कापण्यात आली.

याचे पुढचे प्रकरण 'रामदास'चे आहे. १९३६ साली बांधलेली, १७९ फूट लांब आणि २९ फूट रुंद अशी ही आगबोट त्याच 'माझी आगबोट कंपनी'कडे होती. १७ जुलै १९४७ रोजी, स्वातंत्र्य चार आठवड्यांवर आले असताना, सकाळी आठ वाजता ती भाऊच्या धक्क्यावरून रेवसकडे निघाली. आषाढी अमावास्येच्या सणासाठी घरी जाणाऱ्यांची गर्दी होती. बाहेर पावसाळी समुद्र खवळलेला होता. अर्ध्या तासाच्या सुमारास, काशाच्या खडकाजवळ, लाटेच्या तडाख्याने बोट कलंडली आणि सहाशेहून अधिक माणसे बुडाली. मुंबईपासून इतक्या जवळ घडलेली ही घटना शहराला कळायला संध्याकाळ उजाडली, कारण बोटीवर संदेश पाठवण्याचे साधन नव्हते. जे वाचले त्यांतील अनेकांना रेवसकडच्या कोळ्यांनी आपल्या होड्यांतून काढले. त्यांना कोणी हुकूम दिला नव्हता.

'रामदास' का उलटली, हे समजण्यासाठी फार मोठे शास्त्र लागत नाही. बोटीचा तोल तिच्यातील वजन किती आहे यापेक्षा ते कोठे आहे यावर अधिक अवलंबून असतो. तळाशी भरलेला माल बोटीला स्थिर ठेवतो, पण वरच्या डेकवर उभी असलेली माणसे तिचा गुरुत्वमध्य वर नेतात. शिवाय माल जागचा हलत नाही, माणूस हलतो. एका बाजूने पाणी आत आले की घाबरलेला जमाव दुसऱ्या बाजूला धावतो. बोट आधीच कललेली असेल तर शेकडो माणसांचे हे सरकते वजन तिला सरळ होऊ देत नाही. जहाजाच्या बाजूवर रंगवलेली भाररेषा पाण्यावर दिसते आहे, एवढ्यावरून गर्दीने भरलेली बोट सुरक्षित ठरत नाही, ती याच कारणाने. म्हणून प्रवासी बोटीवर माणसांची संख्या ठरवून दिलेली असते. प्रवाशांना चिडवणारा तो सरकारी आकडा वस्तुतः तोलाचे गणित असते.

हातातले उपाय

कोकणची बोट ऐंशीच्या दशकात इतिहासजमा झाली. म्हणून हा प्रश्नही इतिहासजमा झाला, असे मात्र नव्हे. आज उपग्रह आहेत, वादळाची सूचना कित्येक दिवस आधी मिळते. तरीही मे २०२१मध्ये 'तौक्ते' वादळाच्या सूचना दिलेल्या असताना मुंबईच्या तेलक्षेत्रात 'पी-३०५' हा तराफा २६१ कामगारांसह समुद्रातच राहिला आणि बुडाला. सुमारे सत्तर जण प्राणास मुकले. १८ डिसेंबर २०२४ रोजी गेटवेहून घारापुरीला निघालेल्या 'नीलकमल' बोटीवर नौदलाची वेगवान नौका आदळली. तेराहून अधिक जीव गेले. बोटीवर परवान्यापेक्षा अधिक प्रवासी असल्याचे आणि अनेकांच्या अंगावर जीवरक्षक जॅकेट नसल्याचे वृत्तांतांतून पुढे आले. त्यानंतर जॅकेट सक्तीचे करण्यात आले. १८८८, १९२७, १९४७ आणि २०२४ या वर्षांत यंत्रे बदलली, मालक बदलले, राज्यकर्ते बदलले. नियम मात्र दर वेळी प्रेते मोजून झाल्यानंतरच आठवले.

बोरीवलीच्या रहिवाशांना हा विषय दूरचा वाटण्याचे कारण नाही. गोराईच्या खाडीवर रोज बोटी चालतात. पलीकडच्या गोराई गावातील विद्यार्थी, कोळणी, नोकरदार अलीकडे येतात. रविवारी किनाऱ्यावर आणि पॅगोडाकडे जाणाऱ्यांची रीघ लागते. भाईंदर-उत्तनवरून जाणारा रस्ता लांबचा असल्याने गावकऱ्यांना बोटीखेरीज सोयीचा मार्ग नाही. पाणी अरुंद आहे, दोन्ही काठ दिसतात आणि प्रवास काही मिनिटांचा आहे. म्हणूनच येथे निष्काळजीपणा सहज शिरू शकतो. 'रामदास'च्या प्रवाशांनाही मुंबईचा किनारा मागे दिसतच होता.

१९१७ सालचा अंतर्गत जलवाहतुकीचा कायदा जाऊन २०२१ साली नवा आला आहे. परंतु कायदा धक्क्यावर येऊन माणसे मोजत नाही. ते काम तिकीट देणाऱ्या माणसाचे, तांडेलाचे आणि शेवटी प्रवाशाचेही आहे. परवान्यावरील प्रवासीसंख्या धक्क्यावर व बोटीवर मोठ्या अक्षरांत मराठीत लिहिलेली असावी. ती पूर्ण होताच तिकीट देणे थांबावे. जॅकेट बाकाखाली बांधून ठेवलेले नसावे, ते हाती पडावे. बावटा चढला असताना बोट सोडणाऱ्याचा परवाना त्याच दिवशी जावा. शाळेची सहल जलमार्गाने जाणार असेल तर मुलांची यादी किनाऱ्यावर ठेवूनच जावी. यांतील एकाही गोष्टीला मोठा निधी लागत नाही. भरलेल्या बोटीत चढू पाहणाऱ्याला 'पुढच्या फेरीला या' असे सांगणारा तांडेल आज प्रवाशांच्या शिव्या खातो. त्याच्या बाजूने चार सुशिक्षित प्रवासी बोलले तरी पुष्कळ काम होईल.

आणि मुलांना 'टायटॅनिक' जरूर शिकवावी, पण तिच्या शेजारी 'तुकाराम' व 'जयंती' यांचीही नावे फळ्यावर लिहावीत. दूरच्या संकटाची कथा मुले मनोरंजन म्हणून ऐकतात. आपल्या गावाच्या बंदरात कधीच न पोहोचलेल्या बोटीची कथा ऐकली, तर बोटीत पाय ठेवण्यापूर्वी ती माणसे मोजायला शिकतील.