सहाशे कोटी गेले कुठे?

बडोद्याच्या घडियाळी पोळमधल्या कुठल्याही ओट्यावर पुराचा विषय काढा, पाच मिनिटांत हे वाक्य येणारच: ‘दिल्लीने सहाशे कोटी दिले, बडोद्यात एक नाला तरी नवा दिसला का? खाल्ले सगळ्यांनी!’ 2024 च्या ऑगस्टअखेर विश्वामित्री नदी 35 फुटांवर चढली, तेव्हापासून हे इतक्या जणांकडून ऐकलंय की आता हिशेबच मांडावा म्हणतो. कुणी काही खाल्लं नाही असं प्रमाणपत्र द्यायला मी बसलेलो नाही. पण ज्या पैशांवर हा आरोप आहे, ते नाला बांधायचे नव्हतेच.

आधी आकडा. सप्टेंबर 2024 च्या अखेरीस केंद्रीय गृहमंत्रालयाने गुजरात, मणिपूर आणि त्रिपुरा यांना मिळून 675 कोटी मंजूर केले. त्यातले 600 गुजरातचे, म्हणजे सगळ्या राज्याचे. त्या पावसात जामनगर, द्वारका, कच्छही बुडाले होते. शिवाय मंत्रालयाच्या निवेदनातच लिहिलं होतं, की ही रक्कम म्हणजे राज्य आपत्ती प्रतिसाद निधीतला केंद्राचा हिस्सा आणि राष्ट्रीय निधीतली उचल. पहिला भाग पूर आला म्हणून मिळालेली बक्षिसी नव्हे. गुजरातसारख्या राज्यात या निधीत केंद्र 75 टक्के आणि राज्य 25 टक्के भरतं. केंद्राचे हप्ते वर्षातून दोनदा ठरलेले असतात, पाऊस पडो न पडो.

आता हे पैसे कशावर खर्च करता येतात? मृताच्या वारसांना 4 लाख, छावण्या, अन्नपाणी, सुटकेची कामं, मेलेली जनावरं, पडलेली घरं. सार्वजनिक सोयींसाठी रस्ते, पूल, पाणीपुरवठा, प्राथमिक शाळा, आरोग्य केंद्रं यांची फक्त तातडीची डागडुजी. ती किती? 2015 च्या निकषांत एका प्राथमिक शाळेला जास्तीत जास्त दीड लाख रुपये होते. पुढे आकडे वाढले, तत्त्व बदललं नाही. दीड लाखात फुगलेली दारं बदलतील, वायरिंग होईल, भिंतींना चुना लागेल. शाळा उभी राहणार नाही. दूरसंचारासारखी स्वतःचं उत्पन्न असलेली खाती तर यातून वगळलेलीच आहेत. हा निधी नुकसानभरपाईचा नाही, दिलाशाचा आहे, हे नियमातच लिहिलंय. तरीही लोक त्यात काँक्रीट शोधतात!

मग पुनर्बांधणी कोण करतं? पंधराव्या वित्त आयोगाने 2021 ते 2026 साठी या पैशांचे कप्पे पाडले. राज्यांच्या एकूण आपत्ती निधीपैकी 40 टक्के मदतीला, 30 टक्के पुनर्प्राप्ती आणि पुनर्बांधणीला, 10 टक्के सज्जतेला, उरलेले 20 टक्के धोका कमी करायला. पुनर्बांधणीच्या कप्प्यातून पैसा कसा काढायचा, याच्या मार्गदर्शक सूचना केंद्राने दिल्या ऑगस्ट 2024 मध्ये, म्हणजे विश्वामित्री चढली त्याच महिन्यात. राष्ट्रीय निधीतून मोठी रक्कम हवी, तर आधी नुकसानाचा आणि गरजांचा शास्त्रशुद्ध अंदाज, मग राज्याचा प्रस्ताव, मग केंद्रीय समित्या. राज्यालाही पदरचे 10 ते 25 टक्के घालावे लागतात, प्रकल्प मोठा तसा वाटा मोठा.

याला वेळ किती लागतो ते हिमाचलला विचारा. तिथला उत्पात 2023 च्या पावसाळ्यातला. 2,006.40 कोटींची पुनर्बांधणी योजना मंजूर झाली जून 2025 मध्ये. त्यात केंद्राचे 1,504.80 कोटी, बाकी राज्याचे. दोन वर्षं! राग यायचा असेल तर तो इथे यावा. सेवासदनाला, म्हणजे आपल्या महापालिकेला, विचारायचा प्रश्नही हा, की तुटलेल्या नाल्यांचा, पंपिंग स्टेशनांचा प्रस्ताव पुनर्बांधणीच्या कप्प्यासाठी गेला का, कधी गेला, किती रकमेचा? ‘सहाशे कोटी कुठे’ असं विचारलं की समोरचा साहेब वाटपाची यादी दाखवून मोकळा होतो, आणि आपण आणखी एक कप चहा सांगतो.

विश्वामित्रीसाठी राज्य सरकारने जाहीर केलेली 1,200 कोटींची योजना हा तिसराच हिशेब. ती पुढचा पूर टाळायची. त्यात गेल्या पुराची भरपाई शोधू नये.

बाकीचे गैरसमज झटपट.

‘अहमदाबादला शहरी पुराचे पैसे मिळाले, आपल्याला डावललं.’ पहिल्या टप्प्यातले 2,500 कोटी वित्त आयोगानेच सात सर्वांत मोठ्या शहरांसाठी ठेवले होते. मुंबई, पुणे, अहमदाबाद त्यात बसले, बडोदा लोकसंख्येत मागे पडलं.

‘गंभीरा पूल आपत्ती निधीतून बांधतील.’ जुलै 2025 मध्ये पडलेला पूल ही अधिसूचित नैसर्गिक आपत्ती नाही. नव्या पुलाचे 212 कोटी राज्याच्या तिजोरीतले.

‘वणवा अधिसूचित आपत्तींच्या यादीत नाही.’ आग यादीत आहे, पूर-भूकंपाच्या शेजारीच. नाही ती उष्णतेची लाट.

‘पंतप्रधान मदत निधी म्हणजे तेच.’ नाही. तो 1948 पासूनचा, लोकवर्गणीचा. 2001 च्या भूकंपानंतर भूजचं जनरल हॉस्पिटल त्यातूनच नव्याने उभं राहिलं. कच्छची बाकीची मोठी पुनर्बांधणी मुख्यतः जागतिक बँक आणि आशियाई विकास बँकेच्या कर्जावर झाली, आणि ती राबवायला गुजरातने 8 फेब्रुवारी 2001 ला, भूकंपाला दोन आठवडे होत नाहीत तोच, स्वतंत्र प्राधिकरण काढलं. कच्छसारखं इथे का नाही, असं विचारणाऱ्यांनी हा कर्जाचा भाग विसरू नये.

आणि अमेरिकेतल्या भाच्याचं पालुपद: ‘इकडे फेमा, म्हणजे सरकारची आपत्ती यंत्रणा, सगळं बांधून देते.’ तिथेही सार्वजनिक इमारतींच्या खर्चात संघराज्याचा वाटा साधारण 75 टक्क्यांपासून सुरू होतो, उरलेला राज्याने आणि गावाने भरायचा, आणि पैसे बहुतेक वेळा आधी खर्च करून बिलं दाखवल्यावर मिळतात. ऑगस्ट 2023 च्या वणव्यात हवाईतल्या लहाइना गावची प्राथमिक शाळा गेली. एप्रिल 2024 मध्ये मुलं ज्या वर्गांत बसली, ते अमेरिकी लष्कराच्या अभियंत्यांनी दुसऱ्या जागी उभारलेले तात्पुरते वर्ग होते.